परीक्षेच्या खोलीतली मराठी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. आमच्या कॉलेजात नकल करताना धरला गेला म्हणून ज्याचं वर्ष गेलं, तो झाशीजवळच्या बबीना छावणीतला मुलगा नकल करत नव्हता. उत्तर मी सांगितलं होतं. त्याला नव्हे, त्याच्या पुढच्या बाकावरच्या मुलीला. पण सांगितलं मी, आणि जे सांगितलं तेही चूक होतं.

'नकल' हा शब्द तसाच ठेवतो. महाराष्ट्रात याला कॉपी म्हणतात, पण झाशीत ती नकलच, आणि त्या मुलाच्या नावापुढे हाच शब्द लागला.

आधी आमच्या मराठीबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर हे घडलं कसं ते कळणार नाही. आमचे पूर्वज कधीतरी कारभाराच्या कामाला इकडे आले आणि राहिले. आता झाशीत मराठी घरं थोडी. बाहेर सगळा व्यवहार हिंदीत, गल्लीत बुंदेली, आणि मराठी फक्त घरात. तीही अशी की पुण्याचे पाहुणे आले की ऐकून गालात हसतात. पण या मराठीचा आम्हाला एक उपयोग होता, जो पुण्याच्या माणसाला कधीच मिळायचा नाही. चारचौघांत बसून आम्ही ती पडद्यासारखी ओढून घ्यायचो. आई भाजीवाल्यासमोर उभी राहून मला सांगायची, हा फार सांगतोय, तू चालायला लाग म्हणजे उतरेल. भाजीवाला बिचारा दोघांकडे बघून हसत असायचा. पाहुण्यासमोर चहाचं विचारायचं तर मराठीत. दुकानात साडी आवडली नाही तर मराठीत. यात काही लबाडी आहे असं आम्हाला कधी वाटलं नाही. खोलीचं दार लोटून बोलावं तसं ते होतं, फक्त दार लागत नव्हतं इतकंच.

मी आमच्या कॉलेजात गणित शिकवतो. तेव्हा तिशीत होतो आणि नोकरी अजून पक्की झाली नव्हती. परीक्षेच्या दिवसांत फाटकापाशी पत्र्याची बादली ठेवलेली असायची, आणि चपराशी ओरडत असायचा, जो-जो लाए हो, यहीं डाल दो, भैया, अंदर मिला तो हमसे न कहना. मुलं हसत हसत खिशातले, मोज्यातले फर्रे, म्हणजे नकलेच्या चिठ्ठ्या, बादलीत टाकायची. काही जण दोन टाकायचे आणि तिसरा ठेवायचे. आतमध्ये भौतिकशास्त्राचे विभागप्रमुख कॅनव्हासचे बूट घालून फिरायचे, म्हणजे पावलांचा आवाज यायला नको. मुलं त्यांना घाबरायची आणि मीही. माणूस सरळ होता. स्वतःच्या पुतण्याला त्यांनी एकदा बाकावरून उठवलं होतं.

आमच्याकडे रीत अशी की ज्या विषयाचा पेपर, त्या विषयाच्या मास्तरांना त्या दिवशी खोलीत ठेवत नाहीत. म्हणून भौतिकशास्त्राच्या पेपरला गणितवाले, गणिताच्या पेपरला इतिहासवाले; विभागप्रमुखांकडे मात्र सगळ्या केंद्राची देखरेख, ते रोजच सगळ्या खोल्यांतून फिरायचे. खोलीत जाण्याआधी विचारतात, कोई रिश्तेदार तो नहीं बैठ रहा? त्या दिवशी मलाही विचारलं. मी नाही म्हणालो, आणि ते खरंच होतं. ती मुलगी माझ्या नात्याची नव्हती. काका म्हणायची, पण आमची घरं इतकी थोडी आहेत की नातं नसलं तरी प्रत्येक जण कुणाचा तरी काका असतोच.

तिचे वडील माझ्या वडिलांचे मित्र. त्याच हिवाळ्यात गेले होते. आजारपण लांबलं आणि या पोरीने ते सगळं काढलं होतं. दवाखाना तिने केला, रात्रीचं जागणं तिने केलं, कॉलेज बुडालं ते बुडालंच. तिची आई माझ्या घरी येऊन म्हणाली होती की हिचं हे वर्ष निघालं पाहिजे, नाहीतर काका-मामा लग्नाचंच बघतील. मी म्हणालो होतो, निघेल. कशाच्या जोरावर म्हणालो, देव जाणे.

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाचा प्रकाशाचा पेपर होता. एका गणितात दोन भिंगं एकामागे एक ठेवलेली, आणि शेवटची प्रतिमा किती अंतरावर पडेल ते काढायचं. मी बाकांमधून फिरत होतो. ती पुढून तिसऱ्या-चौथ्या बाकावर, पेन टेकवून बसलेली, हलेच ना. मी एक फेरी मारून आलो तरी तशीच. डोळे भरलेले. तिने गणित पूर्ण केलं होतं, पण उत्तर आलं होतं उणे, आणि त्या उण्याच्या चिन्हाकडे ती बघत बसली होती. माझ्या डोक्यात गणिताच्या माणसाचा आडमुठेपणा. अंतर कधी उणे असतं का. मी तिच्या बाजूने जाताना, जरा दटावल्यासारख्या आवाजात, म्हणजे इतरांना वाटावं की ओळखीच्या मुलीला मास्तर रागावले, असं म्हणालो, "ते उणं काढ. अंतर उणं नसतं."

बस, एवढंच. आणि पुढे निघालो. मागच्या बाकावरच्या दोन मुलांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा खाली घातली. त्यांना काय कळणार, असं मी स्वतःशी म्हटलंसुद्धा नाही, कारण ते म्हणायची गरज आमच्यापैकी कुणालाच कधी पडली नव्हती.

तिने ओळ खोडली आणि उण्याशिवाय लिहिली. तिच्या मागे तिरका बसलेला मुलगा माझाच विद्यार्थी, गणितात चांगला, बबीन्याहून रोज बसने येणारा, फौजी माणसाचा मुलगा. त्यानेही तीच ओळ खोडली. हे मला दिसलं नाही. कॅनव्हासचे बूट घातलेल्या माणसाला दिसलं.

ते आले कधी, कळलंच नाही. दोन बाकांच्या मध्ये उभे राहिले. एक उत्तरपत्रिका उचलली, मग दुसरी. दोन्हीकडे आधी बरोबर उत्तर, मग खोडलेलं, मग तेच चुकीचं. त्यांनी मोठ्याने काही म्हटलं नाही. दोघांना उभं केलं, मला हाताने खूण केली, आणि खोली दुसऱ्याच्या ताब्यात देऊन आम्ही तिघं त्यांच्यामागून प्राचार्यांच्या खोलीत गेलो. व्हरांड्यात चालताना मला पहिल्यांदा कळलं की उणं बरोबर होतं. विभागप्रमुखच सांगत होते. उण्याचा अर्थ प्रतिमा वस्तूच्याच बाजूला पडते, पडद्यावर येत नाही, बस इतकी सीधी बात, आणि या दोघांनी हातातलं सही उत्तर एकदम कसं मिटवलं, हे त्यांना समजत नव्हतं. त्यांच्या आवाजात रागापेक्षा कोडं जास्त होतं.

प्राचार्यांनी त्या मुलीकडे पाहिलं आणि बसायला सांगितलं. तिचे वडील गेल्याचं सगळ्यांना ठाऊक होतं. ती इतकी रडत होती की तिला काही विचारणंच शक्य नव्हतं. मग एकदा तिने मान वर केली, माझ्याकडे पाहिलं आणि तोंड उघडलं. ती सांगणार होती. मला स्पष्ट दिसलं की ही आता सांगणार. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि मराठीत, मायेच्या आवाजात म्हणालो, "काही बोलू नकोस. मी बघतो."

विभागप्रमुखांनी विचारलं, क्या कह रहे हैं आप इससे? मी म्हणालो, कुछ नहीं सर, समझा रहा हूँ, चुप हो जा.

निदान एवढं तरी खरं बोललो.

नंतर मला विचारलं. खोलीत तुम्ही होता, तुम्हाला काय दिसलं? इथे मी सांगायला हवं होतं. प्रश्न माझा होता, वेळ माझी होती, कुणी घाई करत नव्हतं. मी म्हणालो, देखा तो नहीं, सर. मग म्हणालो, "पीछे से दिखता तो है."

हे दुसरं वाक्य कुणी मागितलं नव्हतं. पहिल्या वाक्याचा मी काही तरी बचाव करू शकेन. नोकरी पक्की नव्हती, घाबरलो, जीभ उचलली नाही. दुसऱ्याचा करता येत नाही.

मग त्या मुलाकडे वळले. तो आतापर्यंत भिंतीपाशी उभा होता, हात मागे बांधून, फौजी घरातली मुलं उभी राहतात तसा. त्याने उत्तर द्यायला वेळ घेतला. तो सगळा वेळ तो माझ्याकडे पाहत होता. रागाने नाही. वर्गात मी फळ्यावर अर्धं गणित सोडवून थांबलो की पुढच्या पायरीसाठी बघायचा, तसं. मी खिडकीबाहेर बघितलं. मग तो म्हणाला, जी, देखकर काटा.

मुलीला समज देऊन नवी उत्तरपत्रिका दिली. त्याची परीक्षा रद्द झाली आणि वर्ष गेलं.

संध्याकाळी सायकल स्टँडकडे निघालो तर तो पायऱ्यांवर बसला होता. बस चुकली होती की मुद्दाम चुकवली होती, माहीत नाही. मला बघून उभा राहिला. मी हिंदीत काही तरी बोलायची तयारी केली होती, हिम्मत रखो, पुढच्या साली वगैरे. त्याआधी तोच बोलला.

"सर, ते उणं बरोबर व्हतं न्हवं?"

मला वाटतं मी पायरीवर खाली बसलो. त्याची मराठी माझ्यापेक्षा चांगली होती. रांगडी, साताऱ्याकडची, आमच्यासारखी हिंदीत भिजलेली नाही. मी विचारलं, तुला मराठी येते? तर म्हणाला, बबीन्याला क्वार्टरमध्ये शेजारी साताऱ्याचे हवालदार होते. त्यांची मुलं आणि तो एकत्र वाढले, निम्मं जेवण त्यांच्याकडेच. "काकी मराठीतच वरडायच्या. शिकावंच लागलं."

म्हणजे खोलीतलंही ऐकलं होतं आणि प्राचार्यांसमोरचंही. मी विचारलं, मग त्याने तरी का खोडलं? त्याचं उत्तर बरोबर होतं. त्याला या प्रश्नाचं नवल वाटलं. गणिताचे सर म्हणाले अंतर उणं नसतं, म्हणून खोडलं, आणखी कशाला. मग मी विचारलं, आत का बोलला नाहीस.

तो जरा वेळ चपलेने पायरीवरचे खडे सरकवत राहिला. "तिचे वडील गेल्यात. तिला आणखी तरास कशाला. माझा बाप हाय." आणि मग, वर न बघता, "तुम्ही तिला म्हणला, मी बघतो. मला वाटलं बघाल."

मी त्याला त्या दिवशी म्हणालो की उद्या जाऊन सांगतो. तो बरं म्हणाला. दुसऱ्या दिवशी मी गेलो नाही. तिसऱ्या दिवशी विभागप्रमुख समोर आले आणि माझ्या तब्येतीची चौकशी करून गेले.

त्यानंतर काही दिवसांनी एका रविवारी सकाळी प्रेम नगरला आमच्या घरी त्याचे वडील आले, मुलाला घेऊन. अंगावर इस्त्रीचे कपडे. दारात बूट काढून भिंतीला समांतर लावले, मुलाच्या चपलाही तशाच सरळ केल्या. खुर्ची देऊनही बसेनात. बुंदेलीत बोलत होते. म्हणाले, गुरुजी, इतकी वर्षं फौजेत काढली, सरकारचा एक खिळासुद्धा घरी नेला नाही, आणि हमाओ मोड़ा, आमचा मुलगा, परीक्षेत चोरी करतो. तुमच्या खोलीत, तुमच्या डोळ्यांसमोर. तुमचं नाव खराब केलं. मग मुलाला म्हणाले, पाँव पड़ो. तो वाकला आणि त्याने माझ्या पायांना हात लावला.

तेवढ्यात बायको स्वयंपाकघराच्या दारातून, अगदी हसऱ्या चेहऱ्याने, मराठीत म्हणाली, "चहा टाकू का, की निघतायत हे लोक?"

मुलगा अजून वाकलेलाच होता. त्याचे खांदे हलले. मला आधी वाटलं रडतोय. तो हसू दाबत होता. आणि ते हसू बघून मला जे वाटलं, तसं प्राचार्यांच्या खोलीतही वाटलं नव्हतं. मी बायकोला म्हणालो, टाक, आणि पोहेही कर.

त्या सकाळी सांगता आलं असतं. खोलीत आम्ही तिघं-चौघं, माझंच घर. त्यांचं जे काही मोडत होतं ते माझ्या डोळ्यांसमोर मोडत होतं. वर्ष गेल्याचं त्यांना वाईट वाटत नव्हतं. वर्ष काय, पुन्हा करता येतं, असं ते स्वतःच म्हणाले. वाईट वाटत होतं ते आपण कुणाला वाढवलं याचं. बोलताना ते मुलाचं नाव घेत नव्हते. हा, याला, याने. पोहे खाताना एकदा त्यांनी विचारलं, घरात तर असं काही नव्हतं, हा शिकला कुठून? मुलगा ताटलीतले शेंगदाणे वेचत होता. मी म्हणालो, होता है, उमर होती है. मग ते म्हणाले, आता तुम्हीच याला मार्गाला लावा. तुमच्यासारख्यांच्या जवळ बसला तर सुधारेल.

आणि मी त्याला जवळ बसवलं.

पुढचं वर्षभर तो आठवड्यातून दोनदा यायचा. मी गणित घ्यायचो, भौतिकशास्त्रही जमेल तसं घ्यायचो, आणि भिंगांच्या प्रकरणाला आम्ही दोघंही जरा वळसा घालून जायचो. बायकोला त्याची मराठी कळली ती एकदा त्याने स्वयंपाकघराकडे तोंड करून "काकी, वाईच पाणी द्या" म्हटलं तेव्हा. तिने जीभ चावली आणि चहाची आठवण काढून कपाळावर हात मारला. त्यानंतर तो आला की ती मुद्दाम मोठ्याने विचारायची, चहा टाकू का की निघतायत हे लोक, आणि तो म्हणायचा, न्हाई काकी, हे लोक जेवून जाणार हायत. तिचा त्याच्यावर फार जीव बसला. ती ग्वाल्हेरची, आमच्यापेक्षा बरी मराठी बोलणारी, पण त्याच्याकडून ती साताऱ्याचे शब्द शिकायची आणि मला ऐकवायची. मला म्हणायची, इतका गुणी मुलगा, त्या दिवशी याला काय बुद्धी झाली हो? मी वर्तमानपत्र उलटायचो.

तो माझ्या घरी सुखी असायचा, असं मी मानत आलो आहे. निदान मला तसं मानावंसं वाटतं. एकदा शिकवताना मी मध्येच थांबून म्हणालो, तुझ्या वडिलांना सांगायला हवं. तो म्हणाला, व्हय. इतकंच. ना सांगा, ना नको.

तो पास झाला, पुढच्या वर्षी पदवीही मिळाली. त्याला अधिकारी होऊन फौजेत जायचं होतं. वडिलांनी ज्यांना आयुष्यभर सलाम केला त्यांच्यात. पण त्या अर्जात कधी परीक्षेत शिक्षा झाली होती का असं विचारतात, म्हणे. मी म्हणालो, नाही लिही, कोण बघतंय. हे मी म्हणालो, मी. त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मला तेवढ्यात दारावर कुणी यावं असं वाटलं. तो अर्ज त्याने भरलाच नाही. दुसऱ्या वाटेने भरती झाला, आणि आता हवालदार आहे. जवानांना शिकवतो. दिवाळीला फोन करतो, मराठीत, आणि आधी काकींना मागतो.

ती मुलगीही शिकली, आता ग्वाल्हेरला शाळेत शिकवते. गणपतीत माहेरी येते तेव्हा मंडळात भेट होते. एका वर्षी आरतीनंतर प्रसाद वाटताना ती माझ्याजवळ येऊन थांबली आणि म्हणाली, काका, मी त्याला चिठ्ठी लिहिली होती, माफी मागितली. मी विचारलं, काय म्हणाला. म्हणाली, त्याने लिहिलं की तुझ्या उत्तरपत्रिकेत मी पाहिलंच नव्हतं, तर माफी कसली. मग तिने माझ्या हातावर प्रसाद ठेवला आणि पुढच्या माणसाकडे गेली. मी का मागितली नाही, हे तिने विचारलं नाही.

कॉलेजात माझं नाव मात्र चांगलं झालं. नकलेची प्रकरणं आता माझ्याकडे येतात. मुलं आली की मी त्यांना आधी बसवतो, पाणी देतो, आणि त्यांचं बोलणं संपेपर्यंत मध्ये बोलत नाही. काही वेळा फार वेळ लागतो. ज्यांनी केली असते ती बहुधा पहिल्या ग्लासातच सांगतात. ज्यांनी केलेली नसते त्यांना वेळ लागतो, कारण आपल्यावर कुणी विश्वास ठेवेल ही त्यांची आशा आधीच सुटलेली असते. खोलीवर जो मास्तर होता त्यालाही मी बाहेर न पाठवता शेजारी बसवतो आणि त्यालाच पहिला प्रश्न विचारतो, तुम क्या कर रहे थे उस वक़्त? तरुण मास्तरांना हे आवडत नाही. म्हणतात, सर बच्चों के मामले में बहुत नरम हैं. कॅनव्हासच्या बुटांचे विभागप्रमुख निवृत्त होताना माझा हात धरून म्हणाले, तुमच्याकडून मी एक गोष्ट शिकलो, पोरांना ऐकून घेणं. मी त्यांचा हात तसाच धरून ठेवला. मला वाटलं, आता. पण मागून कुणी तरी हार घेऊन आलं.

आणि घराबाहेर मी मराठी बोलायचं सोडलं. बायको बाजारात काही पुटपुटली की मी हिंदीत उत्तर देतो. तिला वाटतं मला लाज वाटते.

मागच्या उन्हाळ्यात त्या मुलाचं लग्न झालं, बबीन्यालाच. आम्ही दोघं गेलो. मांडवात त्याच्या वडिलांनी मला पाहिलं आणि हात धरून व्याह्यांकडे नेलं. आता त्यांना ऐकायला कमी येतं, म्हणून ते स्वतःही मोठ्याने बोलतात. सगळ्या पंगतीला ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी माझी ओळख करून दिली. "यही गुरुजी हैं. लड़का हमारा नकल में पकड़ा गया था, गलत रास्ते पर था. इन्होंने पास बिठाकर आदमी बनाया."

व्याह्यांनी हात जोडले. नवरीकडच्या बायका वळून बघायला लागल्या, नवऱ्या मुलाकडेही बघायला लागल्या. तो हळदीच्या अंगाने उभा होता, गळ्यात हार. इतक्या वर्षांनी, लग्नाच्या दिवशी, नवीन माणसांसमोर तो पुन्हा तोच झाला होता, आणि त्याचा बाप हे अभिमानाने सांगत होता. सुधारला याचा अभिमान. बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी खाली पत्रावळीकडे बघत होतो. पुरी गार होत होती.

निघताना तो बसपर्यंत सोडायला आला. मी म्हणालो, परत चल, आत्ताच सांगतो त्यांना, सगळ्यांसमोर सांगतो. त्याने माझा दंड धरला.

"आज नको सर. आज त्यांचा दिवस हाय."

"मग कधी?"

"ते मी कसं सांगू," तो म्हणाला, आणि काकींना खिडकीची जागा मिळाली का ते बघायला बसमध्ये चढला.

त्याला आता वर्ष होत आलं. बबीना काही लांब नाही. सकाळी निघालो तर जेवायला परत घरी येता येईल. दोनदा बस स्टँडवर जाऊन परत आलो. एकदा बायकोला सांगून निघालो होतो की त्यांची तब्येत बघून येतो, आणि अर्ध्या वाटेत उतरलो. ते आता सत्तरीच्या जवळ आहेत आणि त्यांना हळू बोललेलं ऐकू येत नाही. जे सांगायचं ते मोठ्याने सांगावं लागेल, त्यांच्याच भाषेत, घरातली सगळी माणसं आणि नवी सून ऐकेल असं.

हे लिहिल्याने ते फिटत नाही, मला ठाऊक आहे. हे वाचणारे त्यांच्या ओळखीचे नाहीत, आणि ते मराठी वाचत नाहीत.

तुमच्या मुलाने नकल केली नव्हती, उत्तर मी सांगितलं होतं आणि मग मी त्याच्यावर ढकललं, हे त्यांच्यासमोर उभं राहून सांगणं मी त्या माणसाचं देणं लागतो. अजून सांगितलेलं नाही.